नावाड्याचं अर्धं बोलणं

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. डॉक्टरेटचा अभ्यास करता करता कानाजवळचे केस पिकायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. ती विद्यापीठात नेमकं काय करते हे आत्याला काही केल्या उमगत नव्हतं. "एवढी वर्षं एकाच वर्गात बसलीयस, नापास होतेस की काय?" असं ती दर सुट्टीत विचारायची. धाकटी सांगायची, आत्या, मी आपल्याच बैठकीवर लिहितेय, आपल्या खोऱ्यातला कायदा कसा चालायचा आणि तो पुन्हा कसा उभा करता येईल यावर. त्यावर आत्या म्हणायची, "मग त्यासाठी शहरात कशाला बसायला हवं? बैठक तर इथे आहे." 

खोऱ्यातला कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सोपाही नव्हता. भांडण झालं की दोन्ही घरं बैठकीत समोरासमोर बसत. ज्याची तक्रार असेल तो आधी बोले. मग समोरच्याने उत्तर द्यायचं नाही. त्याने आधी तीच तक्रार आपल्या तोंडाने परत सांगायची, आणि तक्रार करणारा "हो, हेच म्हटलं मी" असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. याला परतबोल म्हणत. परतबोल पुरा झाल्याशिवाय स्वतःच्या बाजूचं एक अक्षर काढायची मुभा नव्हती. ऐकायला वाटतं, यात काय मोठंसं? पण आपल्यावरचा आरोप आपल्याच तोंडाने, वळसे न घेता, समोरच्याच्या डोळ्यांदेखत सांगून बघावा. भल्याभल्यांची बोबडी वळते.

आणि एकदा भांडण मिटलं की ते बोलणं बंद. पुन्हा सांगायचं झालं तर दोन्ही घरं हजर हवीत, आणि सांगायचं ते सगळं. अर्धं बोलणं सांगणं हा खोऱ्यात चोरीहून मोठा गुन्हा होता. चोरलेली वस्तू परत देता येते, असं आत्या म्हणायची.

आत्या बैठकीत बसायची ती मधल्या जागेवर, दोन्ही घरांच्या मध्ये. पण ऐन तरुणपणी ती एकदा तक्रारीच्या बाजूलाही बसली होती. तिचा थोरला भाऊ, म्हणजे धाकटीचा मोठा काका, पुराच्या दिवशी पलीकडच्या काठावर अडकला होता. तापाने फणफणलेला. दवाखाना अलीकडे. तो नावाड्याला हाका मारत राहिला, नाव काही आली नाही, आणि पाणी उतरेपर्यंत काका संपला होता. नावाडी म्हणाला, पाण्याच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. आत्या बैठकीत म्हणाली, त्याला ऐकू आलं होतं. मग परतबोल. तो पहिल्या बैठकीत पुरा झाला नाही, दुसऱ्या बैठकीत झाला नाही. तिसऱ्या वेळी नावाड्याने मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझा भाऊ हाका मारत होता. मला ऐकू आलं. आमचं भांडण झालेलं होतं, नाव नवी होती. मी गेलो नाही." आत्या म्हणाली, हो. तेव्हापासून त्या दोन घरांत वैर राहिलं नाही. आत्या त्याला दादा म्हणते. धाकटी त्याच्याच नावेतून शाळेत गेली आणि हे सगळं तिला मोठेपणी, प्रबंधासाठी विचारल्यावर समजलं.

सांगितलं तेही रीतीप्रमाणे. आत्या आणि नावाडी शेजारी शेजारी बसले, आत्याने बोलायचं, नावाड्याने ऐकायचं आणि शेवटी मान हलवायची. धाकटीने ते रेकॉर्ड केलं. अट अशी होती: प्रबंधात नावं नकोत, आणि हे रेकॉर्डिंग तिच्या मार्गदर्शकांखेरीज कुणी ऐकायचं नाही. विद्यापीठाच्या नियमाने एका छापील कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्या लागल्या. नावाड्याने विचारलं, "तू ऐकलंस ना अट काय आहे ती? मग कागद कशाला?" धाकटी हसली होती. ते हसू तिला पुढे फार महाग पडलं.

मार्गदर्शक सर म्हणजे देशोदेशी बोलावणी येणारा माणूस. परतबोलावर त्यांनी इतकी भाषणं केली होती की आता लोकांना तो त्यांचाच शोध वाटू लागला होता. बोलण्यात मध, चालण्यात घाई, आणि दुसऱ्याचं ऐकताना नजर नेहमी घड्याळावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण यांच्यासारख्यांसाठीच झाली असावी. विद्यापीठात पारंपरिक न्यायाच्या पुनरुज्जीवनाचं एक केंद्र निघणार होतं आणि सर त्याचे संचालक होणार होते. केंद्र निघायचं तर वेबसाइट हवी, वेबसाइटवर काहीतरी काळजाला भिडणारं हवं. सरांनी आत्याचं रेकॉर्डिंग घेतलं, त्यातला मधला तुकडा कापला, "मी गेलो नाही" या वाक्यावर थांबवला, मागे बासरी वाजवली आणि वेबसाइटवर टाकला. धाकटीला विचारणं दूरच, सांगितलंसुद्धा नाही.

तिला कळवलं ते नावाड्याच्या नातीने. ही नात आता चांगली कर्ती बाई, आजोबा थकल्यापासून एरवी नाव तीच चालवायची. नदीपलीकडच्या कुणीतरी तिला तो तुकडा फोनवर पाठवला होता. नाव घेतलेलं नव्हतं, पण खोऱ्यात नावाडी एकच. तिने धाकटीला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, "हे खरं आहे?" धाकटी म्हणाली, अगं, ते पुरं नाहीये. "खरं आहे का ते सांग." धाकटीला नाही म्हणता येईना. पुढचं सांगावं, तर दोन्ही घरं समोर नव्हती. फोन बंद झाला. त्यानंतर नात आजोबांचं जेवण वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. म्हातारा घाटावर यायचा थांबला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच सरांच्या खोलीत शिरली.

"सर, ते रेकॉर्डिंग काढा."

"अगं, बस तरी. कसलं सुंदर आहे ते. लोक रडतायत ऐकून."

"अट काय होती, मी तुम्हाला सांगितली होती."

"कागदावर सही आहे," सर म्हणाले. "शैक्षणिक वापरासाठी. तू स्वतः घेतलीयस. आणि हे बघ, परंपरा जिवंत करायची म्हणजे ती लोकांपर्यंत न्यायला नको? का खोऱ्यातच कुलूप लावून ठेवायची?"

"तुम्ही अर्धंच ऐकवलंत, सर. अर्धं बोलणं म्हणजे काय, हे माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे. तुम्ही वाचलंयत ते."

सरांनी घड्याळ बघितलं. "तू भावनेच्या भरात आहेस. मी समजू शकतो. प्रबंध सबमिट करायचाय ना यंदा?"

तो शेवटचा प्रश्न होता की धमकी, हे कुणालाही सांगता आलं असतं. धाकटी मूग गिळून बाहेर आली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकत नव्हता. तिने विद्यापीठाच्या समितीकडे तक्रार दिली. समितीने कळवलं की संमतीपत्र नियमाला धरून आहे. वर हेही कळवलं की असे प्रश्न मार्गदर्शकांशी चर्चेने सोडवावेत. ज्याने मारलं त्याच्याकडेच मलम मागायला जा, असा तो न्याय. न्यायाच्या अभ्यासाला सबंध इमारत दिलेल्या विद्यापीठात हा न्याय होता, आणि धाकटीला रडू येण्याऐवजी हसू आलं, इतका तिला राग आला होता.

मग उद्घाटन ठरलं. सरांच्या डोक्यात आलं की पाहुण्यांसमोर एक नमुन्याची बैठक करून दाखवावी. दोन विद्यार्थी बकरीवरून भांडतील, परतबोल करतील, समेट होईल, टाळ्या, चहा. आणि मधल्या जागेवर खरीखुरी आत्या. त्यांनी स्वतः फोन करून आत्याला बोलावलं आणि आत्या हो म्हणाली.

"तू हो कशी म्हणालीस?" धाकटीने फोनवरच भांडण काढलं. "त्या माणसाने दादांची आणि तुझी अब्रू वेशीवर टांगली, आणि तू त्याच्या मांडवात नाचायला येणार?"

"बैठकीला बोलावलं की जावं लागतं," आत्या म्हणाली. "त्यालाच ते ठाऊक नसेल, त्याला मी काय करू. दादाही येतोय. त्याची नात आणतेय गाडीतून. बोलत नाही ती त्याच्याशी, पण आणतेय."

केंद्राचा हॉल नवा होता, रंगाचा वास अजून गेला नव्हता. भिंतीवर खोऱ्याचे मोठमोठे फोटो, खुर्च्यांना पांढरी आवरणं, दाराशी चहाच्या किटल्या आणि बिस्किटांची ताटं. समोर जाजम घातलं होतं. पहिल्या रांगेत कुलगुरू, त्यांच्या शेजारी परदेशी पाहुणे. सरांनी माइक हातात घेऊन परतबोल म्हणजे काय ते सांगितलं. फार छान सांगितलं. समोरच्याचं बोलणं आपल्या ओठांवर आणणं म्हणजे त्याला माणूस म्हणून मान्य करणं, असं एक वाक्य होतं. ते धाकटीच्या तिसऱ्या प्रकरणातलं होतं.

बकरीवाले दोघे जाजमावर बसले. आत्या मध्ये. एकाने तक्रार सुरू केली तसा आत्याने हात वर केला.

"बकरी कुणाची?"

मुलगा गडबडला. "आत्या, तसं नाही... खरी बकरी नाहीये. नाटक आहे."

"मग उठा, बाळांनो. बैठकीत खोटं बसत नाही. ज्याचं खरं आहे त्याने बसावं."

पाहुणे हसले. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. कुलगुरूंनी तर टाळी वाजवली. मागच्या खुर्चीवरून नावाडी उठला, काठी टेकत आला आणि तक्रारीच्या बाजूला बसला. नात मागेच भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

"मास्तर," आत्या सरांना म्हणाली, "दादाची तक्रार तुमच्यावर आहे. समोर या."

सर हसले. माइक तोंडाजवळ नेऊन म्हणाले, बघा, किती उत्स्फूर्त. पण जाजमावर येऊन बसण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. सगळा हॉल मान उंचावून बघत होता. हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात.

नावाड्याने घसा साफ केला. "मी आणि ही, आम्ही दोघांनी आमचं बंद झालेलं बोलणं या पोरीला दिलं. कुणाला ऐकवायचं नाही अशी अट होती. तुम्हाला अट ठाऊक होती. तुम्ही ते कापलंत आणि अर्धं जगाला ऐकवलंत. माझ्या नातीने ते अर्धं ऐकलं. आता ती माझ्याशी बोलत नाही."

एवढंच. आत्याने सरांकडे बघितलं.

"तर यांचं म्हणणं असं," सर म्हणाले, "की रेकॉर्डिंगच्या उपलब्धतेबाबत काही गैरसमज झालेले आहेत."

"नाही," नावाडी म्हणाला. "हे मी म्हटलं नाही."

पाहुणे पुन्हा हसले, जरा कमी.

"ठीक. आजोबांच्या भावना दुखावल्या गेल्या आहेत, आणि त्याबद्दल मला मनापासून..."

"भावनांचं मी काही बोललो नाही. आणि तुमचं मनापासून नंतर. आधी माझं."

सरांनी माइक खाली ठेवला. "केंद्राने संमतीपत्रानुसार, रेकॉर्डिंगचा एक संपादित भाग..."

"संपादित म्हणजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे निवडलेला."

"कापलेला का?"

"कापलेला म्हणा हवं तर."

"मी कशाला म्हणू? म्हणायचं तुम्हाला आहे."

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. देशोदेशी परतबोल शिकवून आलेल्या माणसाला चार वाक्यं परत सांगता येत नव्हती. अवघड काय होतं त्यात? ऐकायला सगळ्यांना आलं होतं. धाकटीला वाटलं, पुरात हाक ऐकून न गेलेला माणूस तिसऱ्या खेपेला तरी खरं बोलला होता. हा तेवढाही नव्हता. ती उठून सरांच्या शेजारी, त्यांच्याच बाजूला जाऊन बसली. रेकॉर्डिंग सरांच्या हातात तिने दिलं होतं. तिची जागा तिथेच होती.

सर तिच्याकडे झुकले. ओठ न हलवता, अगदी हळू बोलले. धाकटीने ऐकून घेतलं. मग ती ताठ बसली आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सर मला म्हणाले, हा तमाशा आत्ता थांबव, तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते, विसरू नकोस." ती त्यांच्याकडे वळली. "बरोबर सांगितलं ना, सर? हेच म्हणालात ना तुम्ही?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा," आत्या म्हणाली. "चुकलं असेल तर ती पुन्हा सांगेल."

सर हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणायचीही त्यांची छाती झाली नाही. उठले, सूट झटकला, कुलगुरूंकडे बघून हसायचा प्रयत्न केला. कुलगुरू आपल्या बुटांकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून संगणक सांभाळणाऱ्याला जवळ बोलावलं आणि तो लगबगीने बाहेर गेला. परत येऊन म्हणाला, वेबसाइटवरून काढलं. चांगलं झालं, पण हीच गोष्ट धाकटीने अर्ज करून करून मागितली होती तेव्हा नियमात बसत नव्हती. आता पाहुण्यांसमोर लाज गेल्यावर चहा गार व्हायच्या आत नियमात बसली.

धाकटीने नावाड्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही आणि आत्याने बंद झालेलं बोलणं मला दिलंत. कुणाला ऐकवायचं नाही अशी अट होती. ते मी सरांच्या हातात दिलं. त्यांनी कापलं आणि अर्धं जगाला ऐकवलं. तुमच्या नातीने ते अर्धं ऐकलं, आणि आता ती तुमच्याशी बोलत नाही." मग तिने स्वतःचंही जोडलं. "मला फोन करून तिने विचारलं तेव्हा उरलेलं सांगायला मी निघून यायला हवं होतं. मी इथे अर्ज लिहीत बसले."

"शेवटचं मी म्हटलं नव्हतं," नावाडी म्हणाला. "बाकी हो. हेच म्हटलं मी."

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि हॉलवरून नजर फिरवली. "आता उरलेलं अर्धं सांगायचं आहे. दोन्ही घरं आहेत. बाकीच्यांनी बाहेर जावं."

आधी कुणाला समजेना. मग परदेशी पाहुणे उठले, त्यांच्या मागून कुलगुरू उठले, आणि बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. सर तेवढे दाराशी थांबले.

"मी या केंद्राचा संचालक आहे," ते म्हणाले. "हा माझा हॉल आहे."

"तुम्हाला अजून हो मिळालेलं नाही, मास्तर," आत्या म्हणाली. "चार वाक्यं जुळली की या. बैठक थांबेल तुमच्यासाठी."

दार बंद झालं. नात अजून भिंतीशीच होती. आत्याने तिला हाक मारली नाही. ती तिथूनच बोलू लागली. बासरीच्या सुरात सरांनी जिथे कापलं होतं, तिथून पुढे.

"तुझा आजोबा खरं बोलला, मग मी त्याला विचारलं, आता काय करशील? तो म्हणाला, गेलेला येणार नाही. पण यापुढे या नदीवर कुणाचीही हाक आली, वैऱ्याची आली, पुरात आली, तरी मी जाईन. एकदाही ऐकलं नाही असं म्हणणार नाही. मी म्हटलं, मिटलं. त्या दिवसापासून त्याने तो शब्द मोडलेला नाही, पोरी. माझ्या घरचं बाळंतपणही अडलं होतं एकदा, भर पुरात तोच आला होता."

नातीने हाताची घडी सोडली. मग हळूहळू पुढे आली आणि जाजमाच्या कडेला बसली. म्हातारपणी वादळात नाव घेऊन निघणाऱ्या आजोबांशी ती दरवर्षी भांडायची, वल्ही लपवून ठेवायची, वेड लागलंय तुम्हाला म्हणायची. खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने आजोबांकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी.

"तुम्ही एकदा हाक ऐकलीत आणि गेला नाहीत," ती म्हणाली. प्रत्येक शब्द जपून. "ते तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंत. आणि त्यानंतर कुणाचीही हाक आली की तुम्ही गेलात. मी वल्ही लपवली तरी गेलात."

"हो," नावाडी म्हणाला. "हेच."

त्याच वेळी दारावर टकटक झाली. सरांचा आवाज आला, धाकटीचं नाव घेऊन, गोड, समजुतीचा. आपण शांतपणे बोलूया का, असं काहीतरी. चार वाक्यं त्यात नव्हती. सही आता मिळणार नाही, नवा मार्गदर्शक शोधावा लागेल, कदाचित सगळं पहिल्यापासून करावं लागेल, हे धाकटीला पुरतं समजलं होतं. आत्या पुन्हा विचारेल, नापास झालीस का म्हणून.

ती उठली, दारापाशी गेली आणि आतून कडी लावली.